सहा ते नऊ, आर्वी तुमच्या हातावर

मामाजी,

आर्वी आता संध्याकाळी रडत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. शेवटचे तीन आठवडे तुम्ही दुकानातून पडदा बाजूला करून रोज विचारत होतात, "आज बी नाई रडली?" मी नाही म्हटलं की तुमचा चेहरा असा व्हायचा की, तुम्हाला आनंद झालाय की काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय, ते मला कळायचं नाही. पण कालचं तुम्हाला माहीत नाही. काल तुमची तेरवी झाली. साठ-सत्तर माणसं, दारात मंडप, भांड्यांचा आवाज, आणि तुमची नात एका बाईच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरत होती. एकदाही रडली नाही. सगळ्या म्हणत होत्या, "किती शाणी पोरगी हाय व. आवाज नाई लेकराचा." मी त्यांना काय सांगणार होते?

आज सगळे गेले. मंडपवाला बांबू काढून घेऊन गेला. दुपार आहे. प्रफुल्ल आतल्या खोलीत झोपलेत आणि आर्वी त्यांच्या बाजूला. मी वही घेऊन बसले, कारण तुमच्याशी मी तोंडानं फार कमी बोलले, आणि जे बोलले त्यातलं एक वाक्य परत घ्यायचं राहून गेलं.

लग्न होऊन मी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेहून या घरात आले, तेव्हा इथं बाई नव्हती. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. तुम्ही, प्रफुल्ल, आणि पुढच्या खोलीतलं किराणा दुकान. प्रफुल्ल एसटीत कंडक्टर, आठवड्यातून तीन दिवस मुक्कामी गाडीवर. म्हणजे घरात बहुतेक वेळ आपण दोघंच, आणि दोघांनाही एकमेकांशी कसं बोलायचं ते ठाऊक नव्हतं. आत यायचं असलं की तुम्ही पडद्यापलीकडून दोनदा खाकरायचात. चहा हवा असला की, "चहा झाला काय," असं भिंतीला विचारायचात. मीही भिंतीलाच उत्तर द्यायची. कप टेबलावर ठेवून बाजूला व्हायची. तीन वर्षं असंच चाललं. त्यात वाईट काही नव्हतं. तुम्ही मला कधी टाकून बोलला नाहीत, मीही तुमचं जेवण कधी थंड होऊ दिलं नाही. फक्त आपली ओळख झाली नव्हती.

आर्वी झाली ती वर्ध्याला, माझ्या आईकडे. तिसऱ्या आठवड्यापासून तिनं संध्याकाळी रडायला सुरुवात केली. तिथं आई होती, काकू होती, शेजारच्या बाया होत्या. एकीचे हात दमले की दुसरी घ्यायची, त्यामुळे मला त्याची धग लागली नाही. सव्वा महिना होत आला आणि आई न्हाणीत घसरून पडली. उजव्या हाताला प्लास्टर बसलं. आता तिलाच कुणीतरी जेवू घालायला हवं होतं. मी लेकरू घेऊन आष्टीला, या घरी आले.

पहिल्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास तिनं सुरू केलं. आधी नुसती कुरकुर. मग पाय पोटाशी ओढले, मुठी आवळल्या, तोंड लालबुंद झालं, आणि तिनं जो सूर धरला तो सुटेचना. पोट हाताला टणक लागत होतं. पाजायला घेतलं तर दोन घोट ओढायची आणि तोंड फिरवून किंचाळायची. मी तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटत ढेकर काढायला पाहिलं, उताणी करून पाय सायकलसारखे हलवले, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. आईनं सांगितलेलं सगळं संपलं तेव्हा पावणेसातच झाले होते.

पडद्यापलीकडून तुम्ही खाकरलात. "बाई, लेकरू काऊन रडून राह्यलं?"

"काय माहीत, मामाजी. पोट दुखत असन."

"भूक तं नाई?"

"आत्ताच पाजलं."

मग गिऱ्हाईक आलं. साखर तोललीत, बोललात, ते गेलं. पुन्हा खाकरलात. त्यानंतर शटर अर्धं खाली ओढल्याचा आवाज आला. "मी आत येऊ काय?" तुमच्याच घरात तुम्ही मला विचारत होतात.

मी पदर सावरला. तुम्ही आत आलात, मोरीत हात धुतलेत, खुंटीवरच्या टॉवेलला पुसलेत, तळवे एकमेकांवर घासून गरम केलेत आणि पुढे केलेत. "आण इकडं." तीन वर्षांत माझ्या हातातून थेट तुमच्या हातात गेलेली ती पहिली गोष्ट.

तुम्ही तिला डाव्या हातावर पालथं घेतलंत. गाल कोपराशी, पोट तुमच्या मनगटाच्या वर, चारही हातपाय खाली लोंबलेले. उजवा तळवा तिच्या पाठीवर. आणि या खोलीतून त्या खोलीत चालायला लागलात.

ती थांबली नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण काल तेरवीला लोक सांगत होते की तुमचा हात लागला की पोर गप्प व्हायची. असं काही नव्हतं. तुमच्या हातावर ती तितकीच रडत होती. नऊला दहा कमी असताना तिनं एक मोठा पाद सोडला, दोन हुंदके दिले आणि झोपली. तुम्ही म्हणालात, "गेला वारा." पण तुम्ही काही केलं म्हणून तो गेला नव्हता, आणि हे आपल्या दोघांनाही कळलं होतं. फरक एवढाच होता की ते रडणं तुम्हाला सोसत होतं. माझ्या अंगाला ते चिरत जायचं. तुम्ही चालत राहायचात आणि तिच्याशी बोलायचात. "हो माय. हो. लय दुखते ना. कोनाले सांगाव आता." तिला गप्प राहा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

आठ दिवस असं झाल्यावर आपण तिला वर्ध्याला नेलं. प्रफुल्लला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तुम्ही दुकान बंद करून माझ्यासोबत बसमध्ये बसलात. लेकरांच्या डॉक्टरबाईंनी तिला उलटंसुलटं करून तपासलं, वजन केलं आणि हसून सांगितलं की मुलगी छान आहे, वजन वाढतंय, ताप नाही, उलट्या नाहीत, घाबरायचं काही नाही. पोटात वारा धरतो, काही लेकरं फार रडतात, तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. अंगावरच्या दुधाशिवाय तोंडात काहीही घालायचं नाही. घुट्टी नाही, हिंगाचं पाणी नाही, ओव्याचं पाणी नाही.

मी मान हलवली. तुम्ही खुर्चीच्या कडेला बसला होतात. "पण डाक्टरबाई," तुम्ही विचारलंत, "तवरोक आम्ही काय कराव?"

"धरून राहा," त्या म्हणाल्या. "आळीपाळीनं धरा. आईला झोपू द्या."

येताना बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. कपाशीची शेतं चालली होती. मधेच म्हणालात, "एवढी शिकलेली बाई. अन् तिच्यापाशी बी औषध नाई." मला त्या वेळी तुमचा राग आला होता. आज वाटतं, तुम्ही तिच्यावर टीका करत नव्हतात. आपल्यावर काय वेळ आली ते मोजत होतात.

पण "धरून राहा" हे तुम्ही औषधासारखं पाळलंत. रोज पावणेसहाला शटर अर्धं खाली. लोकांना सांगून ठेवलंत, "सहा ते नऊ मी मोकळा नाई." दुकानाची तीच गर्दीची वेळ. लोक शेताहून परतताना तेल-मीठ घेतात. तुमचे मित्र हसले असतील. कुणी खाली वाकून अर्ध्या शटरमधून हाक मारली तर तुम्ही तिला हातावर घेऊनच जायचात, एका हातानं पुडा काढून द्यायचात आणि परत यायचात. मी त्या तीन तासांत भाकरी करायची, धुणं वाळत घालायची, एखाद्या वेळी भिंतीला टेकून डोळे मिटायची. झोप लागायची नाही. पण हात रिकामे असायचे.

आता त्या दिवसाचं लिहिते.

दिवाळी झाली होती. मी अंघोळ करून आले, आर्वी तुमच्यापाशी दुकानात होती, आणि गल्ल्याजवळ वाटी दिसली. पिवळसर पाणी आणि त्यात चमचा. मी वास घेतला. ओवा.

"हे काय हाय, मामाजी?"

तुम्ही लगेच खरं सांगितलंत. "दोन थेंब देल्ले व. नुसतं जिभीले लावलं. मले पाहावत नवतं."

समोर दोन बाया तेल घ्यायला उभ्या होत्या. मी आर्वीला तुमच्या हातावरून उचललं. ओढलंच म्हणा. आणि म्हटलं, "डॉक्टरनं नाई म्हणून सांगितलं ना? तुमाले समजत नाई काय? दुकानात विकता म्हणून लेकराच्या पोटात घालसान काय? तुमच्यापाशी लेकरू सोडाची सोयच नाई."

त्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तुम्ही वाटी उचललीत, बाहेर जाऊन नालीत ओतलीत, आत येऊन त्या बायांना तेल दिलंत.

मी बरोबर होते. आजही कुणी विचारलं तर मी तेच म्हणेन, महिन्या-दोन महिन्यांच्या लेकराच्या तोंडात बाहेरचं काही जाऊ नये. पण बरोबर असायला ते शेवटचं वाक्य लागत नव्हतं.

चार दिवस तुम्ही तिला घेतलं नाहीत. शटर पूर्ण उघडं ठेवलंत. सहा वाजले की ती सुरू व्हायची, आणि पडद्यापलीकडे तुमचा तराजू वाजायचा. मधेच तो थांबायचा. मला कळायचं, तुम्ही ऐकताय. मी बोलवावं अशी तुम्ही वाट पाहत होतात, आणि तुम्ही यावं अशी मी. दोघांच्या मधे ती रडत होती.

पाचव्या दिवशी प्रफुल्ल मुक्कामी गाडीवर होते. साडेसातच्या सुमारास माझ्या हातांना काय झालं, मला सांगता येत नाही. तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. एकदाच, जोरात, म्हणजे हा आवाज थांबेल. मी तिला खाटेवर ठेवलं. ठेवलं काय, जवळजवळ टाकलंच. आणि मागच्या अंगणात नळापाशी जाऊन बसले, कानांत बोटं घालून. बोटांतूनही ऐकू येत होतं.

मग आवाजाची जागा बदलली. खाटेपासून दाराकडे आला. मी मान वर केली तर तुम्ही मागच्या दारात उभे, ती तुमच्या हातावर पालथी. या वेळी तुम्ही खाकरला नव्हतात.

"तू जाय," तुम्ही म्हणालात.

"कुठं?"

"रोडनं जाय. स्टँडपर्यंत जाय अन् ये. चप्पल घाल."

मी खरंच गेले. गावातून सून एकटी, केस विस्कटलेले, हातात पिशवी नाही. स्टँडवर एक गाडी उभी होती, तिच्यात चार माणसं बसली होती. मी पाटी वाचली, परत वाचली. कुठंही जायचं नव्हतं. एका बाकावर पंधरा मिनिटं बसले. तिथं कुणी रडत नव्हतं. मग पान्हा फुटला, ब्लाउज ओला झाला, आणि मी परत निघाले.

घरी आले तर ती अजून रडत होती आणि तुम्ही अजून चालत होतात. मी हात पुढे केले. तुम्ही म्हणालात, "बस जरा. पाणी पे." मी बसले. तुम्ही माझ्याकडे न पाहता, तिच्या पाठीवर हात फिरवत बोलायला लागलात.

"तुह्या सासूनं बी प्रफुल्लले असंच खाटेवर टाकलं होतं. अन् वावरातल्या विहिरीवर जाऊन बसली होती. तो बी असाच रडे. मी घरी आलो, लेकरू एकटं रडून राह्यलं. मी विहिरीवर जाऊन तिले आणलं अन् लय बोललो. चार लोकायसमोर बोललो. कशी माय हायस म्हटलं."

तुम्ही दोन चकरा मारल्यात.

"बोलाले नाई पाह्यजे होतं. लेकरू घ्याले पाह्यजे होतं. पण तवा बाप्या माणसानं लेकरू घेतलं तं लोक हासत."

मामाजी, तुम्ही मला वाचवलंत, आणि वर आपली चूक माझ्यापुढे ठेवलीत, म्हणजे मला माझी एकटी वाटू नये. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की दुकानात जे बोलले ते चुकलं, तुमच्यापाशीच लेकरू सोडायची सोय आहे, दुसरीकडे नाहीच. माझ्या तोंडात आलं होतं. तेवढ्यात ती ओकली, तुमच्या बाहीवर. तुम्ही फडकं मागितलंत. मी फडकं आणायला धावले. आणि ते राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवसापासून शटर पुन्हा अर्धं खाली यायला लागलं. आणि आपण भिंतीला सोडून एकमेकांना बोलायला लागलो. तुम्ही खाटेवर टेकून विचारायचात, "आज किती वाजता सुरू झाली?" मी सांगायची, "सहा वीस." "काल सहाले झाली होती," तुम्ही म्हणायचात, जणू काही वीस मिनिटांनी आपण मोठी लढाई मारली. सासूबाईंचं सांगायचात. आमच्या बोरगावचं विचारायचात. पाच-सहा आठवडे, रोज तीन तास, त्या आवाजाच्या वरून मोठ्यानं बोलत. शेजाऱ्यांना वाटत असेल, या घरात रोज भांडणं होतात.

एक भांडण होतंच. तिच्या नावाचं. प्रफुल्लच्या आतेबहिणीनं बारशाला आर्वी नाव सुचवलं, आम्हाला आवडलं, आणि तुम्ही भर बारशात म्हणालात, "आर्वी तं गावाचं नाव व. बसच्या पाटीवर राह्यते. बाप कंडक्टर म्हणून काय पोरीले पाटी लावाची? उद्या दुसरी झाली तं कारंजा ठेवसान काय?" सगळे हसले, मी नाही हसले. त्यानंतर तुम्ही तिला कधीही आर्वी म्हणाला नाहीत. माय म्हणायचात. मी मुद्दाम म्हणायची, "मामाजी, आर्वीले द्या." तुम्ही मुद्दाम म्हणायचात, "माय झोपली." हे भांडण आता कधीच मिटणार नाही.

मग एक दिवस सहा वाजले, साडेसहा वाजले, आणि ती पाळण्यात पडून स्वतःच्या मुठीकडे पाहत होती. तुम्ही शटर खाली ओढून आत येऊन बसला होतात. मी कणीक मळायची थांबले. सात वाजले. आपण दोघं तिच्याकडे टक लावून बसलो होतो, आता रडेल, मग रडेल.

"आज काऊन नाई रडली?" तुम्ही कुजबुजत विचारलंत.

"हळू बोला," मी म्हटलं.

आठला तुम्ही उठून गेलात आणि शटर वर केलंत. पाच मिनिटांनी परत डोकावलात. मला हसू आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसं, ते आपोआप आलं आणि आपोआप गेलं. त्यात आपण काहीही करू शकलो नव्हतो, आधीही नाही आणि शेवटीही नाही.

मामाजी, त्या वाक्याशिवाय वही ज्यासाठी घेतली ते आता.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी थंडी होती. प्रफुल्ल सहाच्या गाडीवर गेले होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आलात आणि छातीच्या खाली, पोटाच्या वर, तळवा ठेवून उभे राहिलात. "बाई, गॅस झाला वाटते. जरासा ओवा दे."

मी विचारलं, "लय दुखते काय?"

"नाई. भरल्यावाणी वाटते. खांदा बी धरला हाय."

खांदा धरला, तर मला वाटलं तिला इतके दिवस हातावर घेऊन घेऊन धरला असेल. डावाच होता ना तो. मी तव्यावर ओवा भाजला, काळं मीठ घातलं, कोमट पाणी दिलं. चार महिने मी वाऱ्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात पोटदुखी म्हणजे वारा आणि वारा म्हणजे थोडं थांबा, आपोआप जाईल. तुम्ही ओवा चावलात, पाणी प्यालात, तुम्हाला ढेकर आला. तुम्ही हसलात सुद्धा. "आता मीच तुह्या लेकरावाणी झालो."

"पडा जरासे," मी म्हटलं. "बरं वाटन."

तुम्ही पडलात. आर्वी उठली होती. मी तिला पाजायला बसले, मग तिचं लंगोट बदललं, तिला उन्हात घेऊन बसले. अर्धा तास गेला असेल. आत येऊन पाहिलं तर तुमचा सदरा घामानं ओला होता. त्या थंडीत. चेहरा राखेसारखा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमचे ओठ हलत होते. मी आर्वीला खाली ठेवलं आणि रस्त्यावर धावले. समोरच्यांनी गाडी काढली, त्यांच्या घरातल्या बाईनं आर्वीला घेतलं. मी मागच्या सीटवर तुमचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवर हात फिरवत राहिले, दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं. "हो मामाजी. हो. आलंच." तुम्ही माझं बोट धरलं होतंत. वळणावर पकड सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, छाती दाबून पाहिली, आणि बाहेर येऊन मान हलवली. मी विचारलं, "अर्धा तास आधी आणलं असतं तं?" ते तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही, ताई." चांगल्या मनानं म्हणाले. पण हो किंवा नाही, काहीतरी एक म्हणाले असते तर मी त्याला धरून बसले असते.

तेरा दिवस येणारा प्रत्येक माणूस विचारत होता, "कसं झालं?" मी म्हणत होते, "अचानक झालं." ओव्याचं मी कुणाला सांगितलं नाही. दोन थेंबांसाठी मी चार लोकांत तुमचा पाणउतारा केला होता, आणि मूठभर ओवा स्वतःच्या हातानं भाजून तुम्हाला देऊन मी उन्हात जाऊन बसले होते. प्रफुल्लही गप्पच होते. वडील गेले आणि माणूस रडला नाही. बायका म्हणत होत्या, त्याले रडवा, नाहीतर आतल्या आत साचते. मला वाटत होतं, प्रफुल्लना कळलं आहे. गाडीत माझ्या तोंडून काही निघालं असेल, शेजाऱ्यांनी सांगितलं असेल. म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

आज सकाळी सगळे गेल्यावर मी चहा केला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. आर्वी चादरीवर पडून पालथी व्हायचा प्रयत्न करत होती. मी म्हटलं, "मले एक सांगाचं हाय." आणि सांगून टाकलं. ओवा, पाणी, पडा जरासे, अर्धा तास, सगळं. सांगताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील.

"मले फोन आलता बाबाचा," ते म्हणाले.

"कवा?"

"सव्वाआठले. गाडी लागून होती, पासिंजर चढून राह्यले होते. म्हणे, छातीत भरल्यावाणी होऊन राह्यलं. मी म्हटलं, गॅस असन. तिले म्हणा, ओवा द्या." त्यांनी आर्वीची चादर सरळ केली. "अन् फोन ठेवला. तिकिटा काढाच्या होत्या मले."

सव्वाआठ. तुम्ही माझ्या दाराशी आलात ते त्यानंतरच. त्यांना तुम्ही छातीत म्हणालात, आणि माझ्याकडे येईपर्यंत त्याचा गॅस झाला होता. मुलानं सांगितलंय हे तुम्ही मला बोलला नाहीत. कशाला बोलाल?

मग प्रफुल्ल रडायला लागले. तोंड उघडं टाकून, गुडघ्यांत डोकं घालून, मोठ्यानं. मी जवळ सरकले. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मलाही आवरेना. आर्वी आम्हा दोघांकडे डोळे मोठे करून पाहत होती. चहावर साय धरली.

मामाजी, तुम्ही मुलाला विचारलंत, मग सुनेला विचारलंत. दोघांनी एकच सांगितलं. आणि तुम्ही दोघांचंही ऐकलंत.